लॅटिनसाठी ढाळलेले अश्रू

लॅटिन मिस्सेसाठी अश्रू ढाळण्याची प्रथा तशी जुनी आहे, आणि तिचा आरंभ मोठ्या माणसांनी केलेला असल्यामुळे ती अजूनही प्रतिष्ठित समजली जाते. १९७१ साली इंग्लंडातील पन्नासाहून अधिक नामवंतांनी पोप सहावे पॉल यांच्याकडे एक अर्ज धाडला. कॅथलिक ख्रिस्तसभेने जुनी लॅटिन मिस्सा मोडीत काढली आहे. तिच्यातून शतकानुशतके संगीत, काव्य आणि शिल्प स्फुरले. तेव्हा जगाच्या संस्कृतीचा हा ठेवा नष्ट होऊ देऊ नये, असा त्या अर्जाचा आशय. खाली सह्या कोणाच्या? अगाथा ख्रिस्ती, ग्रॅहॅम ग्रीन, रॉबर्ट ग्रेव्ह्ज, आयरिस मर्डॉक, व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन, पियानोवादक व्लादिमीर अश्केनाझी! यांतले ग्रीनसारखे काही कॅथलिक. पण कित्येकजण कॅथलिक नव्हतेच. कार्डिनल हीनन यांनी रदबदली केली आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला इंग्लंड-वेल्सपुरती सवलत मिळाली. सह्यांची यादी वाचता वाचता पोपमहाशय अगाथा ख्रिस्तीच्या नावापाशी थबकले आणि त्यांनी होकार दिला, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, तेव्हा एका कादंबरीकर्त्रीच्या नावाचा रोमपर्यंत पोचलेला हा दरारा ऐकून मला आनंदच होतो.

परंतु हे अश्रू कोणाचे, हे एकदा विचारायला नको काय? देवळाची शिल्पे पाहायला जाणारा माणूस वेगळा आणि देवळात नवस फेडायला जाणारा वेगळा. पहिल्याला देऊळ जसेच्या तसे हवे असते. एक दगड हललेला त्याला खपत नाही. दुसऱ्याला आत पाणी गळत असेल तर कौले बदलायची असतात. दोघांचेही देवळावर प्रेम असते. पण पहिल्याने दुसऱ्याला, तू कौले का बदललीस म्हणून दरडावावे, हे मला पटत नाही.

कोणी म्हणेल, हा वाद युरोपातला; मॅट्रिकपलीकडे मजल न गेलेल्या, लॅटिनचे एक अक्षर न येणाऱ्या वसईच्या शाळामास्तरला त्यात नाक खुपसायचे कारण काय? कारण आहे. मी कॅथलिक आहे, मराठी शिकवून पोट भरतो, आणि या दोन गोष्टींची सांधेजोड ज्या एका ठिकाणी होते ते ठिकाण म्हणजे मराठी मिस्सा. शिवाय हे अश्रू आता आमच्याकडेही येऊन पोचले आहेत. मोबाइलवर ग्रेगोरियन गायन ऐकणारी आमची सुशिक्षित तरुण मंडळी, आणि ख्रिस्ती नसलेले माझे काही साहित्यिक मित्रही, मला अधूनमधून ऐकवतात: "त्यात काय गूढ होते हो! तुमची आताची मिस्सा म्हणजे ग्रामपंचायतीची सभा." उलटपक्षी आमच्यातले सुधारक छाती पुढे काढून सांगतात की, आता सगळे सगळ्यांना समजते, मग अडचण कुठे आहे? माझे म्हणणे असे की, हे दोघेही चुकतात. आणि दोघांची चूक एकच आहे. दोघेही समजतात की भांडण भाषेचे आहे.

ज्यांनी जुनी मिस्सा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ट्रेंटच्या परिषदेनंतर, १५७० साली, पाचवे पायस या पोपने मिस्सेचा ग्रंथ मुक्रर केला आणि लहानसहान फेरफार वगळता तो चारशे वर्षे चालला. त्यात धर्मगुरू आणि भाविक दोघेही वेदीकडे तोंड करून उभे. म्हणजे लोकांना धर्मगुरूची पाठ दिसे. उत्तरे द्यायची ती वेदीजवळचा सेवक मुलगा पाठ केलेल्या लॅटिनमध्ये देई. मधली मुख्य प्रार्थना, जिच्यात भाकर आणि द्राक्षारस ख्रिस्ताचे शरीर-रक्त होतात अशी आमची श्रद्धा आहे, ती धर्मगुरू इतक्या हळू पुटपुटे की पहिल्या बाकावरही ऐकू जाऊ नये. मग लोकांना तो क्षण कळावा कसा? त्यासाठी घंटी. घंटी वाजली की माना झुकत. बाकी वेळ जो तो आपापल्या परीने प्रार्थना करी; बहुतेकजण माळ ओढीत.

माझ्या आजीचे अर्धे आयुष्य या मिस्सेत गेले. तिचे लग्न लॅटिनमध्ये लागले, सासरा लॅटिनमध्ये पुरला गेला. ती आमच्या कादोडी बोलीत त्या दिवसांविषयी जे सांगे त्याचे मराठी साधारण असे: "फादर त्याचं काम करायचा, मी माझं." पन्नास मण्यांची माळ संपेपर्यंत मिस्साही संपे. या एका वाक्यात जुन्या मिस्सेवरचा सगळ्यात कडक आरोप आहे आणि तिची सगळ्यात मोठी तरफदारीही आहे. आरोप असा की, वेदीवर जे चालले होते त्यात त्या बाईचा काही वाटा नव्हता. ती तिथे होती एवढेच. तरफदारी अशी की, पाऊण तास तिला कोणी बोलत नव्हते! सहा पोरे, म्हैस, केळीची वाडी आणि सासू यांतून आठवड्यात एकदा तिला असे ठिकाण मिळे की जिथे कोणी तिला काही सांगत नाही, विचारत नाही, शिकवीत नाही. पुढे मराठी मिस्सा आली तेव्हा आजी खूश झाली. पण चार-सहा महिन्यांनी म्हणू लागली की, आता माळ अर्धीच होते.

ही अर्धी राहिलेली माळ मी पुढे घेणारच आहे. आधी लॅटिनच्या सोवळ्याचा निकाल लावू.

लॅटिन ही मूळची देववाणी, असा तिच्या भक्तांचा थाट असतो. वस्तुतः रोममधले आरंभीचे ख्रिस्ती लोक प्रार्थना करीत ती ग्रीकमध्ये. चौथ्या शतकात रोमच्या सामान्य माणसाला ग्रीक कळेनासे झाले, तेव्हा उपासना लोकांच्या भाषेत, म्हणजे लॅटिनमध्ये, आणली गेली. म्हणजे लॅटिन हीच त्या काळची प्राकृत! जुन्या मिस्सेत शेवटपर्यंत राहिलेले 'कीरिए एलेइसोन' हे ग्रीक शब्द त्या पहिल्या घराची उरलेली चौकट आहेत. नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस या बंधूंनी स्लाव लोकांसाठी त्यांच्या भाषेत उपासना रचली आणि रोमने तिला त्या वेळी मान्यता दिली. १६१५ साली पाचवे पॉल या पोपने चीनमध्ये चिनी भाषेतून उपासनेला परवानगी दिली. ती कागदावरच राहिली, ही गोष्ट निराळी. तेव्हा लोकभाषा हा १९६० नंतरच्या सुधारकांच्या डोक्यातून निघालेला चावटपणा आहे, असे जे म्हणतात त्यांनी आपलाच इतिहास उलटून पाहावा.

आणि आमच्या किनाऱ्यावरचा इतिहास तर याहून बोलका आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्याला उतरला. तो इथली भाषा शिकला आणि इतकी शिकला की, नवख्रिस्ती लोकांची पुराणश्रवणाची सवय ओळखून त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत रचले. १६१६ साली ते रायतूरला छापले गेले. आम्ही शाळेत मुलांना त्याने केलेली मराठीची स्तुती शिकवतो आणि छाती फुगवतो. पण त्यातली विसंगती कोणी मुलांना सांगत नाही. ज्या माणसाने मराठीला ख्रिस्ताचा सारा इतिहास पेलायला लावला, त्याला स्वतःला वेदीवर गेल्यावर एक मराठी शब्द उच्चारायची मुभा नव्हती. पुराण मराठीत, मिस्सा लॅटिनमध्ये! ओवीला देवळात जागा होती. पण वेदीपाशी नव्हती. भाषा अपुरी होती म्हणून हे झाले, असे कोणाला म्हणता येणार नाही. अकरा हजार ओव्यांचा पुरावा समोर आहे. पुढे १६८४ साली तर गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. तो हुकूम लॅटिनने काढला नव्हता, हे मला मान्य आहे. लॅटिन तर पोर्तुगालच्या शेतकऱ्यालाही कळत नव्हती. निदान एवढ्यापुरते साहेब आणि रयत एका पंगतीत होते! पण लॅटिन आमच्याकडे एकटी आली नाही, ज्या गलबतातून ती आली त्यात तोफाही होत्या, एवढे तिच्या आमच्याकडच्या भक्तांनी ध्यानात ठेवले तरी पुरे.

आणखी एक. लॅटिनवाद्यांची मोठी तक्रार अशी की, शतकानुशतके चाललेली उपासना वरून फर्मान काढून बंद करणे हा अत्याचार आहे. बरोबर. पण हा अत्याचार प्रथम कोणी केला? मलबारचे ख्रिस्ती लोक पोर्तुगीज येण्यापूर्वी हजारभर वर्षे सिरियाक भाषेतून उपासना करीत होते. १५९९ साली गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवून त्या उपासनेला लॅटिन वळण लावले. शंकास्पद वाटलेले ग्रंथ जाळले. १६५३ साली त्या लोकांनी कूनन क्रुसापाशी शपथ घेऊन बंड केले. तेव्हा जुन्या प्रार्थनेवर फर्मानाची कुऱ्हाड घालण्याची विद्या आधुनिकांनी शोधून काढलेली नाही.

माझे हिंदू मित्र हे सारे ऐकताना मिशीत हसतात, म्हणून त्यांनाही एक शब्द. ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीता मराठीत आणली, हे आपण सर्वजण अभिमानाने सांगतो. पण मुलीच्या लग्नात सप्तपदी कोणत्या भाषेत चालते? भटजी काय म्हणतात ते वधूला कळते की वराला? पाहुणे त्या वेळी काय करीत असतात? ते निदान माळही ओढीत नसतात, आइसक्रीम कोणते आहे याची चौकशी करीत असतात. असो.

आता परिषदेकडे वळू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी मंजूर केला: बाजूने २१४७ मते, विरुद्ध चार. इतका एकमुखी ठराव आपल्याकडे सहकारी सोसायटीतही होत नाही. या ठरावात काय आहे हे दोन्ही पक्षांतील फार थोडे लोक वाचतात. त्यात लोकभाषेला अधिक वाव द्यावा असे आहे. पण लॅटिन टिकवावी असेही आहे. ग्रेगोरियन गायनाला पहिला मान द्यावा असे आहे. भाविकांना आपल्या वाट्याची उत्तरे लॅटिनमध्येही म्हणता यावीत याची तजवीज करावी असे आहे. धर्मगुरूने लोकांकडे तोंड फिरवावे, याविषयी त्यात चकार शब्द नाही. पण दार उघडले आणि लोंढा आला. डिसेंबर १९६४ मध्ये सहावे पॉल मुंबईच्या युकॅरिस्टिक काँग्रेसला आले, त्यांनी आपल्या भाषणात उपनिषदातील प्रार्थनेचा दाखला दिला. पुढच्याच मार्चच्या ७ तारखेला त्यांनी रोममधील एका देवळात इटालियनमध्ये मिस्सा केली. आणि ३० नोव्हेंबर १९६९ पासून नवा मिस्साग्रंथ अमलात आला.

या घडामोडीत एका माणसाविषयी मला आदर वाटतो, आणि तो म्हणजे स्वतः सहावे पॉल. नवा ग्रंथ अमलात येण्याच्या चार दिवस आधी त्यांनी जाहीर भाषणात कबूल केले की, लॅटिन सोडणे हा मोठा त्याग आहे, आपण काहीतरी अनमोल गमावतो आहोत. तरीही ते म्हणाले की, माणसाला प्रार्थना समजणे हे त्या रेशमी वस्त्रांपेक्षा मोलाचे आहे. अर्जावर सह्या करणाऱ्यांपेक्षा हे दुःख मला खरे वाटते. स्वतःच्या हाताने घर मोडणाऱ्याचे ते दुःख होते.

नव्या मिस्सेने दिले ते काही थोडे नव्हे. पूर्वी रविवारी दोन वाचने होत आणि वर्ष संपले की तीच पुन्हा. जुना करार तर रविवारी क्वचितच ऐकू येई. आता रविवारी तीन वाचने आणि तीन वर्षांचे चक्र. आमच्या वसईच्या बायका यशयाचे नाव काढतात, रूथची गोष्ट सांगतात, ही त्याची कमाई. आजीला आयुष्याची चाळीस वर्षे जो ग्रंथ बंद होता तो तिला उघडा झाला. या एका गोष्टीवर मी लॅटिनचे सगळे सौंदर्य ओवाळून टाकीन.

मग आजीची माळ अर्धी का राहिली?

कारण लोकभाषेबरोबर ध्वनिक्षेपक आला. धर्मगुरूने तोंड फिरवले आणि त्याच क्षणी तो बोलू लागला. तो अजून थांबलेला नाही. मिस्सेच्या आधी प्रस्तावना, वाचनाच्या आधी वाचनाचा परिचय, मग प्रवचन, मग गीताच्या आधी गीताचा क्रमांक, ख्रिस्तप्रसाद घेऊन माणूस गुडघ्यावर येतो न येतो तोच दुसरे गीत, आणि शेवटी सूचना: पुढील रविवारी तरुणांची सहल, अमुक तारखेला रक्तदान, दारात लावलेली मोटारसायकल काढावी. मी हे कोणा एका धर्मग्रामाविषयी बोलत नाही. ज्याने चार देवळांत चार रविवार घालवले आहेत त्याने माझे म्हणणे ताडून पाहावे.

मी शिक्षक आहे आणि तोंड कुठे करून उभे राहावे हा माझ्या धंद्यातला प्रश्न आहे. फळ्याकडे तोंड करून लिहिणारा मास्तर पोरांना दिसत नाही, पण गणित दिसते. वर्गाकडे तोंड केले की मास्तर दिसू लागतो. मग त्याचे हावभाव, विनोद, आवडती मुले, हे सगळे गणिताच्या मधे येते. म्हणून मास्तराने वर्गाकडे कधी पाहूच नये काय? तसे नव्हे. पण तोंड फिरवल्यावर स्वतःला आवरण्याची कला त्याला वेगळी शिकावी लागते. आमच्या धर्मगुरूंना ती कोणी शिकवली नाही. पाठ होती तेव्हा बिचारे लपलेले होते. एका रात्रीत ते रंगमंचावर आले. आणि कविता शिकवताना जो अनुभव येतो तोही इथे लागू आहे. मुलाला कविता समजते ती माझे बोलणे थांबल्यावर. शब्दार्थ सांगावेच लागतात, त्यावाचून गती नाही. पण शब्दार्थ म्हणजे कविता अशी ज्या मास्तराची समजूत झाली त्याने वर्ग बुडवला म्हणून समजावे. सुधारकांनी प्रार्थनेचे शब्दार्थ सांगितले, हे फार चांगले केले. मग ते सांगतच राहिले.

आणि मजा अशी की, नव्या मिस्साग्रंथाच्या नियमांतच मौनाच्या जागा स्पष्ट नेमून दिल्या आहेत: पश्चात्तापाच्या वेळी, प्रार्थनेच्या हाकेनंतर, वाचनांनंतर, प्रवचनानंतर, ख्रिस्तप्रसादानंतर. जुन्या मिस्सेत मौन होते, पण ते लोकांना वगळून झालेले मौन. नव्या मिस्सेने सांगितलेले मौन सर्वांनी मिळून धरायचे आहे. ते अधिक मोठे आहे. ते कोणी पाळीत नाही. लॅटिनवाले ज्या शांततेसाठी हळहळतात ती परत मिळवायला रोमहून परवानगी नको, लॅटिन नको. माईकची कळ दाबली की पुरे!

भांडण भाषेचे नव्हे याचा पुरावा हवा असेल तर केरळात पाहा. तिथल्या सिरो-मलबार ख्रिस्तसभेच्या धर्माध्यक्षांनी २०२१ साली ठरवले की, मिस्सेच्या पहिल्या भागात धर्मगुरूने लोकांकडे तोंड करावे आणि मुख्य प्रार्थनेच्या वेळी वेदीकडे. एर्नाकुलम-अंगमाली धर्मप्रांतातील धर्मगुरूंनी व लोकांनी याला कडाडून विरोध केला. त्यांना सर्व मिस्सा लोकांकडे तोंड करूनच हवी होती. २०२२ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तिथल्या सेंट मेरी कॅथीड्रलमध्ये वेदीपाशी धक्काबुक्की झाली आणि पोलीस बोलवावे लागले. इथे लॅटिनचा संबंध नाही. दोन्ही पक्ष मल्याळम बोलतात. प्रत्येकाला प्रत्येक शब्द समजतो. सर्व काही समजूनही ते एकमेकांच्या अंगावर गेले. समजण्याने सर्व साधते म्हणणाऱ्या आमच्या सुधारकांनी याचे उत्तर द्यावे.

आता भाषेकडेही जरा कठोरपणे पाहू, कारण लोकभाषा म्हणताना कोणत्या लोकांची, हे आपण विचारत नाही. इंग्रजीत काय झाले? घाईघाईने भाषांतर झाले, आणि ख्रिस्ताचे रक्त 'पुष्कळांसाठी' सांडले असे जिथे लॅटिनमध्ये आहे तिथे इंग्रजीत 'सर्वांसाठी' आले. यावर वर्षानुवर्षे वाद चालला. २००६ साली रोमने 'पुष्कळांसाठी' असेच भाषांतर हवे म्हणून कळवले. तोवर २००१ च्या फर्मानाने भाषांतर शब्दाला शब्द ठेवून करण्याचा नियम आला होता, आणि २०११ पासून इंग्रजी भाविकांना असले इंग्रजी म्हणावे लागले की, ते त्यांनाच परके वाटावे. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी भाषांतराचा मुख्य अधिकार पुन्हा देशोदेशींच्या धर्माध्यक्षांकडे दिला. म्हणजे आधी सैल, मग आवळ, मग पुन्हा सैल! कानाने ऐकून भाषा घडवणारा माणूस या सगळ्यात कुठे होता?

आमच्याकडे आजीची भाषा कादोडी. देवळात आली ती प्रमाण मराठी, आणि तीही तत्सम शब्दांनी जडावलेली, जोडाक्षरावर जोडाक्षर चढलेली. मराठी माझी रोजीरोटी आहे, तरी सांगतो: आजीला ती अर्धी लॅटिनच होती. 'तारण' म्हटले की तिला सोसायटीत गहाण टाकलेली वाडी आठवे! संस्कृत शब्द वापरला की भाषा पवित्र होते हा समज आम्ही कुठून घेतला? स्टीफन्सने ओवी घेतली ती जात्यावरून. नारायण वामन टिळक प्रॉटेस्टंट होते, पण त्यांच्या गीतांत अभंगाचे पाणी आहे म्हणून आम्ही कॅथलिकही ती गातो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीने २०१३ चा अनुवाद पुरस्कार दिला, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही या वसईच्या धर्मगुरूने भूषवले. तेव्हा माणसे नाहीत असे कोणी म्हणू नये. माणसे आहेत, पण प्रार्थनेची भाषा ठरवताना कवीला बोलवायचे असते, हे अजून समित्यांच्या गावी नाही. १९६९ साली रोमने भारतासाठी बारा मुद्दे मंजूर केले: जमिनीवर बसावे, हात जोडावेत, समई लावावी, आरती ओवाळावी. काहींनी त्यावर हिंदूकरणाची ओरड केली. मला आरतीचे वावडे नाही. पण ओव्यांचा एवढा वारसा घरात असताना आम्हाला समई प्रथम सुचली आणि ओवी सुचली नाही, याचे मात्र नवल वाटते.

राहता राहिला बंदीचा प्रश्न. सोळावे बेनेडिक्ट यांनी ७ जुलै २००७ रोजी जुनी मिस्सा बरीचशी मोकळी केली. फ्रान्सिस यांनी १६ जुलै २०२१ रोजी ती पुन्हा जखडली. फ्रान्सिस यांचे कारण असे की, जुनी मिस्सा हा परिषदेलाच नाकारणाऱ्यांचा झेंडा झाला आहे. यात तथ्य नाही असे नाही. आर्चबिशप लफेव्र यांनी १९७० साली स्वित्झर्लंडात आपला संघ उभारला आणि १९८८ साली रोमला न जुमानता चार बिशप नेमले. त्यांचे भांडण मिस्सेपुरते कधीच नव्हते. परंतु दरवर्षी पॅरिसहून शार्त्रला सुमारे शंभर किलोमीटर पायी जाणारी हजारो तरुण मुले-मुली, जी वाटेत लॅटिन मिस्सा करतात, ती सारी लफेव्रची पलटण समजायची काय? आपल्या दिंडीतल्या पोरांसारखीच ती पोरे: पायाला फोड, खांद्यावर पताका. यांतल्या एकाचाही जन्म १९६९ पूर्वीचा नाही. म्हणजे त्यांना जुन्या दिवसांची आठवण येते असेही म्हणता येत नाही. त्यांच्या गावच्या देवळात त्यांना जे मिळाले नाही ते शोधत ती तिथवर गेली. माझ्या मते ते लॅटिन नाही. पण त्यांना ते फक्त लॅटिनच्या दुकानात विकायला ठेवलेले दिसले. अशा गिऱ्हाइकाला दुकान बंद करून परत आणता येत नाही. आपल्या दुकानात माल ठेवावा लागतो. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेले चौदावे लिओ यांच्या पुढ्यात हा तंटा वारसाहक्काने आला आहे, आणि तोही फर्मानाने मिटेल अशी चिन्हे मला दिसत नाहीत.

माझा एक मित्र यावर विचारतो, "मग मोत्सार्टचे काय? पॅलेस्त्रीनाचे काय?" त्यांचे उत्तम चालले आहे. लॅटिन मिस्सा बंद झाली तरी त्यांच्या रचना सभागृहांत गायल्या जातात आणि तुमच्यासारखे रसिक तिकीट काढून त्या ऐकतात. आणि देवळात लॅटिनचा थोडा सूर राहावाच असे वाटत असेल तर परिषदेचा ठराव तुमच्या बाजूला आहे. साठ वर्षे झाली, त्याची ती ओळ कोणी अमलात आणली नाही. कीरिए तर लॅटिनही नाही. तीन ग्रीक शब्द आणि दोन-चार सुरांची चाल. आमच्या शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा असतो. पाचवीतल्या मुलांना ते एका तासात येईल, आणि वर हजेरी घ्यायला वेळ उरेल.